बोलकी वही

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या जुलैची आहे. आठवीच्या वर्गात मी एका मुलीला इंग्रजीतून एवढेच विचारले, की रविवारी काय केलेस? वार्षिक परीक्षेत इंग्रजीत शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळवणारी ही मुलगी. ती उभी राहिली, बाकाच्या कडेकडे बघत राहिली आणि अर्ध्या मिनिटाने म्हणाली, "सॉरी मॅडम." हे दोन शब्द मात्र अगदी सुरेख उच्चारात!

मधल्या सुट्टीत तीच मुलगी मैत्रिणींना अर्धे मराठी, अर्धे हिंदी असे बोलून सांगत होती, की बोट क्लबच्या रस्त्यावर मामांची स्कूटर कशी घसरली, मक्याची कणसे कशी सांडली आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने "को खाँ" म्हणून मामांनाच कसे चार शब्द सुनावले. ऐकणाऱ्या मुली हसून लोळत होत्या. म्हणजे सांगण्यासारखे पुष्कळ होते, सांगण्याची कलाही होती, आणि इंग्रजी शब्दांची बेगमी तर ब्याण्णव गुणांची. फक्त तोंड उघडण्याची सवय नव्हती.

ती कुठून असणार? आमचा तास चाळीस मिनिटांचा आणि वर्गात मुले अडतीस. मी एक शब्दही बोलले नाही, हजेरीही घेतली नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. प्रत्यक्षात मी बोलते, आणि बरीच बोलते. परीक्षेत गुण लिहिण्याचे, म्हणून वर्गातही लिहिणेच चालते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले की हा प्रश्न सुटतो, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. त्या शाळांतल्या मुलांच्याही शिकवण्या मी घेतल्या आहेत. तिथेही चार-पाच मुले बोलतात आणि बाकीची ऐकतात.

आपल्या मंडळींना ही अडचण नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीबरोबर इथे आली. त्या पिढीचे फायलीवरचे इंग्रजी काय वर्णावे! टिप्पणी अशी, की वरिष्ठांना एक स्वल्पविराम बदलता येऊ नये. पण तेच इंग्रजी तोंडाने बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडे. माझे वडील हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आजच्या भेलमध्ये, लागले होते. तो कारखाना ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला, त्यामुळे सुरुवातीच्या काळात इंग्रज अभियंत्यांशी गाठ पडे. वडील रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःशी इंग्रजीत बोलत. "गुड मॉर्निंग सर, द शाफ्ट इज नॉट रेडी." आम्ही भावंडे दाराआड उभे राहून हसत असू. आज मला त्यांचे फार कौतुक वाटते. ते शिकवणीला गेले नाहीत, त्यांनी बोलण्याची जागा शोधली.

आरशात एकच उणीव, त्याला काही आठवत नाही. काल तुम्ही शाफ्टबद्दल काय बोललात आणि कुठे अडखळलात, ते आरसा सांगत नाही. फोनमधला कॅमेरा सांगतो. म्हणून गेली दोन वर्षे मी आठवीच्या मुलांकडून दर आठवड्याला दोन मिनिटांचे बोलणे चित्रित करून घेते आहे. बाहेर याला व्हिडिओ ब्लॉग किंवा व्लॉग म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचे नाव ठेवले 'बोलकी वही', आणि तेच मला अधिक बरोबर वाटते. कारण ही खरोखर वहीच आहे, ती चव्हाट्यावर मांडायची नाही.

शिक्षणात यंत्र आणण्याची हौस आपल्या देशाला जुनी आहे. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यापाड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत तो चालला, आणि त्यांत आपले मध्य प्रदेशही होते. २०२० साली टाळेबंदीत आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाने व्हॉट्सअॅपच्या गटांवरून मुलांकडे धड्यांचे व्हिडिओ पाठवले. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचा मोठा वाटा होता, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आपणही इथे पेढे वाटले. हे सगळे चांगलेच झाले. पण या सगळ्यात यंत्र बोलते आणि मूल ऐकते. गणिताला, विज्ञानाला ते चालेल. बोलणे मात्र ऐकून येत नाही, बोलूनच येते.

हे माझे घरगुती शहाणपण नाही. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना बरेच विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. मेरिल स्वेन या संशोधिकेने त्या मुलांचा अभ्यास करून १९८५ साली लिहिले, की वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्यांना समजते फ्रेंच मुलांइतके, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहतात. तिच्या मते त्याचे एक मोठे कारण हे, की वर्गात त्यांना स्वतः वाक्य जुळवण्याची वेळच फारशी येत नाही. ऐकताना अर्धे शब्द कळले तरी अर्थ लागतो. बोलताना कर्ता, क्रियापद, काळ, सारे स्वतःलाच उभे करावे लागते, आणि तेव्हाच माणसाला कळते की आपल्याला काय येत नाही.

उलट दिशेचा एक प्रयोग आपल्या मराठी मुलखातच झाला आहे. भिंतीत संगणक बसवून मुलांना मोकळे सोडणारे प्रा. सुगत मित्रा आपल्याकडे काहींना आठवत असतील. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत त्यांनी पहिला संगणक बसवला, पुढे आपल्या शिवपुरीतही एक बसला. त्या प्रयोगांवर टीकाही पुष्कळ झाली, आणि नुसते यंत्र ठेवून मुले शिकतात यावर माझाही विश्वास नाही. पण २००९ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इंग्लंडमधल्या लोकांना आवाहन केले, की आठवड्यातला थोडा वेळ द्या आणि स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला. निवृत्त शिक्षिका, आज्या, काही आजोबाही पुढे आले. त्याचे नावच पडले 'ग्रॅनी क्लाउड'. हे काम पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी सांभाळले. पुढे २०१३ साली मित्रांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले, त्यातून सात ठिकाणी खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक होती फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत. सातारा जिल्ह्यातली मराठी माध्यमाची मुले आणि पडद्यावर इंग्लंडची आजी! ती आजी व्याकरण शिकवत नसे. गोष्ट वाचे, गप्पा मारी, "अरे वा, मग पुढे काय झाले?" असे विचारी. आपल्या आज्या करतात तेच.

आपल्याला अशा आज्या मिळतील तर सोन्याहून पिवळे. पण त्यांची वेळ, आपली वेळ, वीज, जोडणी, हे सारे जमून यावे लागते. (ज्या स्काइपवर हे चाले, ते स्काइपच मे २०२५ मध्ये कायमचे बंद झाले.) बोलकी वही त्यापेक्षा गरिबाघरची आहे. तिला समोर कोणी लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

आता आम्ही नेमके काय करतो ते सांगते, कारण पालकसभेत तीनदा विचारले गेले.

विषय मुलाचा स्वतःचा. 'माय कंट्री' आणि 'इम्पॉर्टन्स ऑफ डिसिप्लिन' यांना मी रजा दिली आहे. आजोबा उन्हाळ्याआधी कूलरची खस कशी बदलतात, पोह्यांबरोबर जिलबी का खातात हे पुण्याच्या मावसभावाला कसे पटवाल, वनविहारात वाघ दिसला नाही तेव्हा काय केले, असे विषय. लिहून आणायचे नाही. पहिल्या महिन्यात मुले निबंध लिहून आणत आणि कॅमेऱ्याच्या बाजूला वही धरून वाचत. चित्रात डोळे एकसारखे डावीकडून उजवीकडे पळताना दिसले की चोरी पकडली जाई. आता चिठ्ठीवर फक्त पाच शब्द लिहायची परवानगी आहे.

चित्रण करण्याआधी जोडीदाराला तीच हकिकत तीनदा सांगायची. आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ही रीत न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांच्या लेखनामुळे जगभर माहीत झाली. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून कंटाळा येत नाही. वेळ कमी होत जातो, म्हणून चाचरणे गळत जाते. तिसऱ्या वेळेला मूल शब्द शोधत नाही, गोष्ट सांगते. त्यानंतर मुले एकेक करून ग्रंथालयामागच्या सामानाच्या खोलीत जातात. तिथे फोन स्टुलावर ठेवलेला असतो. दार लोटायचे आणि बोलायचे.

मग येतो सगळ्यात अवघड भाग, स्वतःला बघणे. पहिल्यांदा प्रत्येक मूल हेच म्हणते, "हा माझा आवाज नाहीच!" त्यांना विज्ञानाच्या सरांनी समजावले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खर्जाचे स्वर जास्त पोचतात, म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला भारदस्त वाटतो. फोन फक्त हवेतला आवाज टिपतो. म्हणजे जग आपल्याला जसे ऐकते तसे आपण पहिल्यांदाच ऐकत असतो. मोठ्यांनाही हा धक्का बसतो. मी स्वतःचा एक तास चित्रित करून पाहिला, आणि दर वाक्याला 'ओके?' म्हणण्याची माझी खोड मला वयाच्या पन्नाशीत कळली. मुलांना ती कधीचीच माहीत होती.

पाहून झाल्यावर मुलाने वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, एक जमलेली आणि एक सुधारायची. तीन दिवसांनी तेच बोलणे पुन्हा चित्रित करायचे. या दुसऱ्या चित्रणात खरी कमाई आहे. पहिल्यात "ही गो टू मार्केट अँड ही सी" असे असते. दुसऱ्यात मी काही न सांगता बऱ्याच जणांचे 'वेंट' आणि 'सॉ' होते. नियम त्यांना सातवीपासून पाठ आहे, पण आपल्या तोंडून तो मोडलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. हैदराबादेत २००३ च्या सुमारास मित्रा, परिमला इनामदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक प्रयोग केला होता. बोललेले ऐकून अक्षरे उमटवणारा संगणक मुलांना दिला. उच्चार स्पष्ट नसला की पडद्यावर भलतेच उमटे, आणि मुले आपणच स्वतःला दुरुस्त करीत. आता तर फोनमध्येच अशी सोय आहे आणि काही मुले घरी ती वापरतात. माझी हरकत नाही. मात्र आपल्या मुलांनी लंडनच्या माणसासारखे बोलावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. आपले मूल घरी 'बँक' म्हणते, रस्त्यावर 'बैंक' म्हणते, दोन्ही शुद्ध. इंग्रजी बोलताना समोरच्याला कळले म्हणजे झाले.

सगळे बघायला वेळ कुठून आणता, असे सहकारी विचारतात. अडतीस मुलांची दोन-दोन मिनिटे म्हणजे शहात्तर मिनिटे. मी दर आठवड्याला दहाच जणांची पाहते, आणि प्रत्येकाला एकच सूचना देते. लाल शाईने वही रंगवण्यापेक्षा हे सोपे जाते.

आता माझी चूक सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही.

पहिल्या वर्षी डिसेंबरात एका मुलाने फार सुंदर बोलणे केले. त्याची आजी गेली होती, आणि ती पुरणपोळीचे पुरण वाटताना काय गुणगुणत असे ते त्याने सांगितले. भाषा मोडकी होती, पण ऐकून मला रडू आले. मी ते शिक्षकांच्या खोलीत दाखवले आणि उत्साहाच्या भरात त्याच्या आईला पाठवले. आईने नातलगांच्या गटात टाकले. तिकडे एका काकांनी त्याच्या एका चुकलेल्या शब्दावरून थट्टा केली, आणखी चार जणांनी हसरे चेहरे पाठवले. सोमवारी मुलगा सामानाच्या खोलीत गेला आणि न बोलता परत आला. पुढचे सात आठवडे तो बोलला नाही. काकांना दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण ते चित्रण त्यांच्यापर्यंत पोचले माझ्या हातून, आणि मुलाला मी विचारलेही नव्हते. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके मॅडम." पण ते ओके नव्हते हे त्यालाही ठाऊक होते.

त्या दिवसापासून नियम झाला. बोलणे पाहायचे फक्त दोघांनी, बोलणाऱ्याने आणि शिक्षिकेने. तिसऱ्या कोणाला दाखवायचे असेल तर मुलाने ठरवावे. वर्ष संपताना सगळे पुसायचे. मुलाला जुलैचे पहिले आणि फेब्रुवारीचे शेवटचे बोलणे शेजारी शेजारी ठेवून पाहू द्यायचे, मग पुसायचे.

म्हणून विश्वस्त मंडळात जी सूचना आली आहे तिला माझा नम्रपणे पण स्पष्ट विरोध आहे. सूचना अशी, की मुलांची उत्तम भाषणे यूट्यूबवर शाळेच्या नावाने टाकावीत, म्हणजे प्रवेश वाढतील. शाळेची पटसंख्या घटते आहे हे मला दिसते आणि त्याची काळजी मलाही आहे. पण पाहणारे शंभर झाले की मूल बोलायचे सोडून पाठ करू लागेल. बोलकी मुले पुढे येतील, आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ती पुन्हा बाकाच्या कडेकडे बघत राहतील. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मी म्हणेन, पालकांच्या आधी मुलाची घ्या. स्नेहसंमेलनात ज्याला हौस आहे त्याने रंगमंचावर जरूर बोलावे, त्याला टाळ्या मिळाव्यात. वही आणि रंगमंच यांची गल्लत होऊ नये, एवढेच.

काही पालकांची हरकत याच्या अगदी उलट आहे. शाळेत मोबाइलला बंदी असताना तुम्हीच हातात फोन देता, असे ते म्हणतात. बंदी योग्यच आहे आणि ती राहू द्यावी. आमचे दोन फोन शाळेचे आहेत. त्यांत सिमकार्ड नाही, खेळ नाहीत, आणि ते माझ्या कपाटात कुलपात असतात. घरून फोन आणायचा नाही, घरी चित्रण करायचे नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातले मूलही यात मागे पडत नाही.

आणि शेवटी मराठीचे. समाजातल्या ज्येष्ठांनी विचारले, की मराठी शाळेत हे इंग्रजीचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात २०२२ पासून वैद्यकीय शिक्षणही हिंदीत सुरू झाले आहे, तेव्हा इंग्रजीवाचून अडते असे तरी का मानायचे? माझे उत्तर फलटणचेच आहे. प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या, मातृभाषा इंग्रजी. फलटणला राहून त्यांनी तिथल्या मराठी बोलीवर संशोधन केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि शाळा काढली ती मराठी माध्यमाची. मूल आधी आपल्या भाषेत पक्के हवे, हा त्यांचा आग्रह. त्याच संस्थेने इंग्लंडच्या आज्यांनाही दार उघडले. दोन्हींत विरोध नाही.

हे मला आमच्या मुलांत दिसले. यंदापासून दर महिन्याचे एक बोलणे मराठीतून ठेवले. मला वाटले होते, ते सोपे जाईल. कसचे! "मग हम लोक गेलो, तर तिथे भीड होती" अशी वाक्ये स्वतःच्या तोंडून ऐकून मुलांना जेवढे हसू आले, तेवढे इंग्रजीच्या चुकांनी आले नव्हते. एका मुलीने 'भीड'ला मराठी शब्द घरी आजीला विचारला, आणि 'गर्दी'बरोबर 'झुंबड', 'खेटाखेट', 'रेटारेटी' हेही घेऊन आली. मग इंग्रजीच्या तासाला तिने मला विचारले, "मॅडम, क्राउडलाही असे आणखी शब्द आहेत का?" ही तीच मुलगी, जिने रविवारच्या प्रश्नावर मला सॉरी म्हटले होते. आता ती दहावीत आहे आणि बोलकी वही तिला अनिवार्य नाही. तरी गुरुवारी सुट्टीत किल्ली मागायला येते.

पुढच्या सत्रापासून सातवी आणि नववीलाही हे सुरू करायचे आहे. त्यासाठी आणखी चार फोन लागतील. पडद्याला तडा गेलेला चालेल, कॅमेरा आणि आवाज मात्र ठीक हवा. ज्यांच्या कपाटात जुना फोन पडून असेल त्यांनी त्यातले सारे पुसून तो शाळेच्या कार्यालयात द्यावा, शक्यतो चार्जरसह. सामानाच्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या कुठे हलवायच्या, हे विश्वस्तांनी ठरवावे. आणि त्या खोलीच्या दाराची कडी आतून लागत नाही, ती बसवून मिळाली तर मुलांची मोठी सोय होईल.